चुलीतून आगगाडी निघते ते चित्र पोरांना समजावून सांगायचं का?

पळसपान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते, शनिवारी दुपारी घरच्या ओसरीत पोरांसाठी वाचनालय चालवते, वाचनालय म्हणजे काय तर दोन लोखंडी पेट्या, एक सतरंजी आणि दीडशेक पुस्तकं, त्यातली निम्मी पानं सुटलेली. सहा ते दहा वर्षांची पंधरा-सोळा पोरं येतात, कापूस वेचणी सुरू झाली की सात-आठच उरतात.

तर झालं असं की पुण्याच्या मामेबहिणीनं तिच्या मुलाची जुनी पुस्तकं पाठवली, त्यात अँथनी ब्राउन नावाच्या इंग्रज चित्रकाराचं 'चेंजेस' होतं, १९९० चं. बाप सकाळी पोराला सांगून जातो की आता सगळं बदलणार आहे, आणि मग पोरगा घरात एकटा असताना किटलीला मांजराचे कान अन् शेपूट फुटते, खुर्चीचा गोरिला होतो, असं चालतं. मजकूर थोडाच, मी मराठीत सांगत गेले. एरवी ही पोरं एका जागी पाच मिनिटं टिकत नाहीत, त्या दिवशी माशी उडाली तरी ऐकू आली असती.

त्याच पार्सलात एका जुन्या कॅलेंडरची पानं होती, मोठ्या चित्रकारांची. एका पानावर रेने मॅग्रिटचं ते चित्र, दिवाणखान्यातल्या शेकोटीतून आगगाडीचं इंजिन बाहेर आलंय, वर घड्याळ, आरसा. आमच्या पोरांनी शेकोटी कुठं पाहिलीये, त्यांच्यासाठी ती सरळ चूलच. एक जण म्हणे चुलीतून गाडी निघून रायली पण रूळ कुठं आहेत. शेजारचे आजोबा खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होते, ते उठून आले, चष्मा पुसला, चित्र लांब धरलं, जवळ धरलं अन् म्हणाले ही तं आपली शकुंतला होय. आमच्याकडची यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी लाईन हो, तिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, आता गाडीच बंद आहे. मग अर्धा तास शकुंतलाच चालली, चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची अन् पुन्हा चढायचं, वगैरे.

इथपर्यंत सगळं छान. पण पुढच्या आठवड्यात एका पोराचे वडील आले, रागावले नव्हते पण म्हणाले, "ताई, हे काय उलटंसुलटं शिकवून रायल्या, पोट्टं घरी म्हणते गंजाले शेपटी हाय." गंज म्हणजे आमच्याकडं पातेलं, त्या पोरासाठी किटली म्हणजे तेच. मला पटकन उत्तरच सुचलं नाही. तेव्हापासून विचार करतेय की पोरांनी "याचा अर्थ काय" विचारलं तर काय सांगायचं? या वयाला हे दाखवावं का? आणि अशी पुस्तकं मराठीत किंवा स्वस्तात मिळतात का, कारण बाहेरचं एकेक पुस्तक कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीच्या भावात आहे. याला अतिवास्तववाद म्हणतात एवढं मला माहीत आहे पण तो शब्द ओसरीत उच्चारायची माझी हिंमत नाही.

झेडपी_मास्तर

ताई, पयले तं तुमचं वाचनालय पाहाले यायचं हाय एकदा. मी वाशीम जिल्ह्यात तिसरी-चौथीले शिकवतो. अर्थ सांगायच्या फंदात पडू नका हे माह्यं मत, पोरं अर्थ इचारतच नाहीत, अर्थ आपण इचारतो कारण आपल्याले प्रश्नोत्तराची सवय लागली. माह्या वर्गात पोरं काय इचारतात सांगू का, "सर, मंग ते संडासले कुठून जाईन?" म्हणजे चित्रातली गोष्ट खरी धरून पुढचा इचार करतात. तेवढा धागा पकडला की पुरे.

पुस्तकं नसतील तं एक खेळ सांगतो, खर्च शून्य. कागद आडवा दुमडून त्याचे तीन भाग करायचे. पयल्यानं वरच्या भागात डोकं काढायचं, कोणाचंही, माणूस जनावर वस्तू काहीही, अन् मानेच्या दोन रेषा घडीच्या खाली बोटभर सोडायच्या, हे इसरू नका नाहीतं जोड बसत नाही. मंग घडी मागं टाकून कागद दुसऱ्याले द्यायचा, त्याले फक्त त्या दोन रेषा दिसतात. त्यानं धड काढायचं, तिसऱ्यानं पाय. मंग उघडायचं. आमच्या चौथीत एक निघालं, डोकं म्हणजे शेतातली लाईटची डीपी, धडाच्या पाठीले फवारणीचा पंप, अन् पाय पोळ्याच्या बैलाचे, खुराले रंग देल्लेला, घुंगरू बांधलेले. हसून हसून पोरं जमिनीवर लोळली, अन् मंग एक पोट्टी एकदम गंभीर होऊन म्हणते, "सर, हा फवारणी करन तेव्हा याले करंट लागन ना?" त्यावर वर्गात जो वाद झाला, पंपातलं पाणी, डीपीचा फ्यूज, बैलाचे खूर, तासभर. शेवटी ठरलं का त्यानं रात्री लाईट गेल्यावरच फवारणी करायची. इकडं लाईट रातच्यालेच येते तो भाग येगळा.

खडूफळा

मास्तर, तुमच्या खेळाला शंभर वर्षं होऊन गेली बरं का. मी नागपूरला चित्रकला शिकले, आता वर्ध्याजवळ असते. पॅरिसमध्ये १९२५ च्या सुमारास अतिवास्तववादी मंडळी हाच खेळ खेळायची, आधी शब्दांचा, मग चित्रांचा. त्यांनी पहिल्यांदा शब्द जुळवले तेव्हा जे वाक्य निघालं त्यात एक देखणं प्रेत नवी दारू पिणार असं आलं, म्हणून खेळाचं नावच 'देखणं प्रेत' पडलं. वर्गात हे नाव सांगू नका, दुसऱ्या दिवशी पालक दारात येतील.

पळसपान, तुमच्यापुरतं सांगते, पोरांना यातलं काहीच सांगायची गरज नाही. या लोकांचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ, त्यानं १९२४ मध्ये जाहीरनामा काढला. हा माणूस वैद्यकीय शिकलेला, पहिल्या महायुद्धात मनाचा तोल गेलेल्या सैनिकांच्या दवाखान्यात त्यानं काम केलं होतं, तिथं लोकांची स्वप्नं, बडबड, तुटक वाक्यं ऐकली, स्वप्नांचा अर्थ लावणारा डॉक्टर फ्रॉइड वाचला, आणि त्याला वाटलं की जागेपणीच्या शहाणपणाने एवढं युद्ध केलं तर झोपेतल्या मनाचंही ऐकून बघू. तिथून हे सगळं.

आता मॅग्रिटकडे येते कारण लहान पोरांसाठी मला तोच सगळ्यात बरा वाटतो. तो बेल्जियमचा, १८९८ ते १९६७. तुमचं ते इंजिन १९३८ चं, मूळ चित्र शिकागोला आहे, जवळपास दीड मीटर उंच. शेगडीच्या धुराड्याचा पाईप जिथे यायला हवा तिथे त्यानं इंजिन बसवलं, बस. बाकी सगळं अगदी सरळ, लाकडी जमिनीची फळी न् फळी नीट, धूरसुद्धा शिस्तीत धुराड्यात वर जातो. पुढच्या वेळी पोरांना विचारा धूर कुठे चाललाय. आणि मेणबत्तीचे स्टँड आहेत पण मेणबत्त्या नाहीत हे कोणाला दिसतं का बघा. त्याच्या चित्रात बहुतेक वेळा एकच गोष्ट बिघडलेली असते, सहा वर्षाच्या पोराला ती सापडते आणि सापडल्याचा आनंद होतो. एक सफरचंद आहे, अख्खी खोली व्यापणारं, भिंतीला टेकलेलं, ते दाखवा. सफरचंद मोठं झालं की खोली लहान झाली, एवढा एक प्रश्न पुरतो.

याच मंडळींतल्या स्पेनच्या साल्वादोर दालीचं तसं नाही, त्याची बरीच चित्रं लहानांसाठी नाहीत, नागडी शरीरं, मुंग्या, कुजणं. म्हणून पोरांसमोर मोबाईलवर त्याचं नाव टाकून शोधू नका, आधी रात्री एकट्यानं बघा, दोन-तीन निवडा, प्रिंट काढा.

पुस्तक नको, पैसे नको, असं आणखी एक. माक्स अर्न्स्ट म्हणून जर्मन चित्रकार, १९२५ मध्ये समुद्रकाठच्या एका हॉटेलात होता, तिथल्या झिजलेल्या लाकडी जमिनीच्या रेषा बघत बसला आणि त्यावर कागद ठेवून काळी कांडी घासली. रेषा कागदावर उठल्या, त्यात त्याला जंगलं, पक्षी, जनावरं दिसायला लागली. तुमच्याकडे सागाचं पान आहे की, उलटं ठेवायचं, शिरा वर, त्यावर पातळ कागद, मेणखडू आडवा धरून घासायचा. सूप, टोपली, खाटेची सुंभ, बैलगाडीचं चाक. मग विचारायचं यात काय दिसतं, आणि जे दिसेल त्याला पेनानं डोळे-पाय काढायचे. आणि आपल्याकडे गोंड चित्रं आहेतच, अतिवास्तववाद आपल्या घरचाच म्हणा ना, हरणाच्या शिंगाचं झाड होतं वगैरे.

कपाशीवाला

सगळ्याईचं वाचलं. माफ करा पण चौथीच्या पोराले दोन ओळी धड वाचता येत नाही, वजाबाकीत हातचा येत नाही, अन् आपण किटलीले शेपटी लावून रायलो. शाळेत निपुणचे, म्हंजे त्या वाचन-गणिताच्या सरकारी योजनेचे, तक्ते लागले, पोरं तिथंच अडकली. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक हाय त्यानं कराव हे लाड. त्या बापाचं काय चुकलं?

झेडपी_मास्तर

भाऊ, बापाचं काहीच चुकलं नाही, त्याले फक्त कोणी चित्र दाखवलं नाही. पण वाचनाचं म्हणाल तं माह्या वर्गातला एक पोट्टा, वाचायले लावलं का पोटात दुखायचं त्याच्या, त्यानं डीपीवाल्या बैलावर पाच ओळी लिहिल्या, "मंडळा"चा ळ उलटा काढला पण लिहिल्या, कारण त्याले सांगायचं होतं का तो बैल इज मंडळाच्या हापिसात नोकरीले लागला. धड्याखालच्या प्रश्नाले तो आजवर एक ओळ लिहीत नव्हता. आता यावरून मी फार मोठं काही म्हणत नाही, एका पोराची गोष्ट हाय, पण हाय.

वैनगंगेकाठी

खडूफळा ताई, बाकी सगळं पटलं पण ते शेवटचं गोंड चित्रांचं नाही पटलं, म्हणून लिहितेय. मी गडचिरोलीची, अंगणवाडीत आहे. आमच्याकडं झाडात देव आहे, जनावर आहे, पूर्वज आहे, हे कोणाला स्वप्न वाटत नाही. पॅरिसच्या लोकांना झोपेत उतरून जे शोधावं लागलं ते इथं दिवसाढवळ्या शेताच्या बांधावर आहे. दोन्ही चित्रं एका पेटीत ठेवा, पोरांना दोन्ही दाखवा, पण नाव एकच देऊ नका. काढणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल मी तर जसं आहे तसंच काढलं.

आणि पुस्तक हवंच असेल तर भज्जू श्याम यांचं घ्या. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे परधान गोंड चित्रकार, लंडनच्या एका हॉटेलाच्या भिंती रंगवायला गेले होते, परत आल्यावर त्यांनी पाहिलेलं लंडन काढलं, चेन्नईच्या तारा बुक्सनं २००४ मध्ये 'द लंडन जंगल बुक' म्हणून छापलं. त्यात विमान म्हणजे पंखवाला हत्ती, कारण एवढं जड धूड उडणं त्यांना हत्ती उडण्यासारखंच वाटलं. जमिनीखालची रेल्वे म्हणजे गांडूळ. आणि तो मोठा घड्याळाचा मनोरा म्हणजे कोंबडा, दोघंही वेळ सांगतात म्हणून. मी हे चित्र अंगणवाडीत दाखवलं तेव्हा एकाही पोराला घड्याळाच्या जागी कोंबडा का हे विचारावं नाही लागलं. समजावावं लागलं ते घड्याळ, एवढं मोठं घड्याळ कशाला लागतं म्हणे, गावात कोंबडे नाहीत का.

पुस्तक स्वस्त नाही, पण मजकूर कमी आहे, आपल्या बोलीत सांगता येतं. मी तर अर्धं माडियात, म्हणजे इकडच्या आदिवासी बोलीत सांगते.

खडूफळा

मान्य, ताई. घाईत लिहून गेले, "शिंगाचं झाड" म्हणजे स्वप्न असं मी धरून चालले ते कॉलेजमधल्या सवयीनं. कोंबड्याचं चित्र आठवलं आणि हसू आलं.

रात्रपाळी

मी चंद्रपूरचा, ड्युटीवर बसून वाचतोय. दालीचं ते वितळलेल्या घड्याळांचं चित्र माझ्या भाच्याला दाखवलं होतं, झाडाच्या फांदीवर एक घड्याळ वाळत घातल्यासारखं लोंबतंय, तो म्हणे मामा हे चंद्रपूरचं आहे, मे महिन्यातलं. दाली म्हणायचा की उन्हात पाघळलेलं चीज बघून सुचलं, म्हणजे भाचा फार लांब नव्हता. १९३१ चं चित्र आहे आणि मूळ चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटर, ड्रॉइंगच्या वहीएवढं, मला वाटायचं भिंतभर असेल.

पोरांना दालीची एक गोष्ट नक्की सांगा, त्यांना लय आवडते. १९६७ मध्ये आपल्या एअर इंडियानं त्याच्याकडून ॲशट्रे बनवून घेतला, शिंपल्यासारखा, भोवती साप, खाली टेकू म्हणून हंस अन् हत्तीची डोकी, अन् गंमत अशी की हंस उलटा केला की हत्ती दिसतो. मोबदला काय मागितला तर हत्तीचं पिल्लू. अन् दिलं हो त्यांनी, भारतातून विमानानं पाठवलं. ॲशट्रे शब्द गाळून वाटी म्हणा.

अन् मराठीत काहीच नाही असं नका म्हणू. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक जाणारी म्हातारी काय आहे मग? शेणाचं घर अन् मेणाचं घर? आपण लहानपणापासून ऐकतो म्हणून आपल्याला विचित्र वाटत नाही, फ्रेंच माणसाला सांगून बघा. विंदांचा 'एटू लोकांचा देश' वाचनालयात ठेवाच. बंगालीत सुकुमार राय यांचं 'आबोल ताबोल' १९२३ ला आलं, त्या जाहीरनाम्याच्या एक वर्ष आधी, त्यात बदक अन् साळिंदर जोडून एक प्राणी केलाय, नावंही जोडलेली, चित्रही त्यांनीच काढलेलं. आम्ही घरी तोच खेळ खेळतो. भाच्याचा म्हैस अधिक मोटारसायकल म्हणजे म्हैसायकल. तिला पेट्रोल नाही लागत, सरकीची ढेप लागते, पण रस्त्यात पाणी दिसलं की बसते, मग ऑफिसला उशीर. साहेबानंही म्हैसायकलच घेतलेली असल्यामुळे कोणी रागवत नाही.

कपाशीवाला

म्हैसायकलची सर्व्हिसिंग कुठं होते?

रात्रपाळी

जनावरांच्या दवाखान्यात, भाऊ. ऑइल बदलायला मात्र गॅरेजला.

झेडपी_मास्तर

फुकटात वाचायले प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हाय, मराठीत भरपूर, प्रिंटही काढता येते. अन् 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन टाकले हायत, १९७१ पासूनचे, त्यातली जुनी चित्रं पाहा. वयाचं इचारलं होतं तं माह्या अनुभवात सहाच्या आतल्या लेकराले चेहरा बिघडलेलं चित्र दाखवू नये, रात्री भेते. वस्तू बिघडली तं चालते. मॅग्रिटचा तो तोंडासमोर सफरचंद असलेला माणूस आमच्या पयलीतल्या एकीले अज्याबात नाही आवडला, तोंड कुठं गेलं म्हणून रडाले लागली. तेच तिसरीवाल्यानं फुंकर मारून सफरचंद उडवाचा प्रयत्न केला.

पळसपान

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. दोन शनिवार झाले, सांगते काय झालं.

कपाशीवाला भाऊ, तुमचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून मी त्या वडिलांनाच शनिवारी बोलावलं. आले, दारातच उभे राहिले, चप्पल काढली नाही. 'चेंजेस' पुन्हा काढलं. आता पोरांमध्ये एक मुलगी होती, सात वर्षांची, तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, ही आजीजवळ. ती पहिल्या वेळी आली नव्हती. किटली, खुर्ची, सगळी पोरं ओरडत होती, तिला फक्त बघायचं होतं. शेवटची दोन पानं उरली असताना ती म्हणाली, "त्याच्या घरी बाळ येऊन रायलं." मी पान उलटलं तर खरंच तेच, आईबाप बाळ घेऊन येतात, छोटी बहीण. मला पहिल्यांदा वाचताना शेवटपर्यंत कळलं नव्हतं हो. विचारलं तुला कसं समजलं, तर म्हणे आमच्या घरीबी असंच हाय, खाट तिकडं सरकवली, आढ्याले दोर बांधला, माह्या दप्तराची खुंटी दुसऱ्याची झाली.

वडील काही बोलले नाहीत. चप्पल काढून आत येऊन बसले, पुस्तक मागितलं अन् गंजाचं, म्हणजे किटलीचं पान पाहिलं बराच वेळ. मग म्हणाले शेपटी बरोबर काढली, मांजरीची अशीच असते.

सागाच्या पानाचा प्रयोगही केला, मेणखडू दोनच होते म्हणून चुलीतला कोळसा घेतला, ओसरी काळी, पोरं काळी, सतरंजी धुवायला टाकली. पातळ कागद नव्हता तर दुकानातून पुडीचा कागद आणला, तो जास्त चांगला उठतो, लिहून ठेवा. एका पोराला पानात नदी दिसली, एकाला हाडं, एकीला आजीचा हात, आजीचा हात आणून बाजूला ठेवला अन् खरंच की. वैनगंगेकाठी ताई, पेटीत आता दोन वेगळे कप्पे केलेत, एकाला मी नाव दिलं नाही, पोरांनीच 'बिघडलेली चित्रं' म्हणायला सुरुवात केली, दुसऱ्याला अजून नाव ठरायचंय. भज्जू श्यामांच्या पुस्तकासाठी भिशीतून पैसे काढतेय, सगळ्या बायकांनी हो म्हटलंय, एकीनं विचारलं त्यात रेसिपी असते का.

राहिला धूर. खडूफळा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं धूर कुठं चाललाय, तर पोरांनी सांगायच्या आधी आजोबाच म्हणाले वर चालला, म्हणजे घरातल्या बाईच्या डोळ्याले लागत नसन, बरं हाय. आता त्यांना ते चित्र हवंय, मोबाईलवर पाठवून दे म्हणतात, पण त्यांचा फोन बटणाचा. दारव्ह्याला जाईन तेव्हा प्रिंट काढून आणते, रंगीत, मोठी.